शिवेवरचा तोबरा

घोड्यातलं मले काही समजत नाई, हे पयलेच सांगून टाकतो. बैल थोडाफार समजते, कारन त्याचं आन् माहं डोस्कं सारखंच. पन ज्या सालांत कापसाले भाव आला, त्या सालांत आमच्या इकडे ज्याले घोडा समजत नोता त्यानंच घोडा घेतला. मंग मी काहून मागं राहू?

समुद्रापल्याड कुठी तरी लढाई लागली होती म्हने. कोन कोनाशी लढून राहिलं, काहून लढून राहिलं, आमाले पत्ता नाई. तिकडचा कापूस बंद झाला आन् व्यापारी आमच्या पऱ्हाटीच्या मागं लागले, इतकंच आमाले समजलं. आमी माळी. हिवरखेडाकडच्या एका लहानशा गावात आमचा मळा होता. वांगे, मिरच्या, कांदे, झेंडू, सारं थोडं थोडं. मी झेंडू उपटून पऱ्हाटी लावली, मिरच्या उपटून पऱ्हाटी लावली. मायनं हात धरला म्हनून आंगनातली तुळस वाचली.

पैसा आला तसे गावात घोडे आले. पयले पाटलानं घेतला, मंग त्याच्या भावकीनं, मंग तेल्यानं. सात-आठ घोडे झाले, आन् धड बसता येनारा एकबी नाई. दिस कलला की सारे जन आपापल्या घोड्याले दोरानं धरून पायीच फिरवत. मी अकोल्याच्या बजारात गेलो आन् एक तांबडी घोडी घेतली.

घेताना लय बारकाईनं पाह्यली. दात पाह्यले. किती असावे लागतात ते मालूम नोतं, पन होते. पाय मोजले, चार भरले. शेपूट ओढून पाह्यलं, निघालं नाई. नाकातून मात्र तिच्या घट्ट पिवळं पानी येऊन राहिलं होतं, डोळेबी वले होते. विकनाऱ्याले म्हतलं, "हे काय बा?"

तो म्हने, "लाडाची हाय. घर सोडून चालली म्हनून रडून राहिली."

मले गहिवरून आलं. मी माह्या शेल्यानं तिचं नाक पुसलं आन् त्याच शेल्यानं आपले डोळे पुसले. रस्ताभर तिले समजावत आनली, "नको रडू माय, आमचं घरबी चांगलं हाय." तिच्यावर बसून गावात शिराचा बेत होता. बजाराबाहीर दोनदा पडलो, तवा बेत सोडला. घोडी पायी, मीबी पायी, असे दोघं दोन दिसांनी गावी पोचलो.

पोचल्यावर पयले तिले विहिरीजवळच्या दगडी हाळावर नेलं. गावचे सारे घोडे तठीच पानी पीत. तिनं आत तोंड बुडवलं, जोरानं फुरफुर केलं, आन् बाजूले उभ्या तेल्याच्या घोड्याच्या तोंडावर पानी उडालं. मी तेल्याले म्हतलं, "पाह्य, वळख करून राहिली."

आठ दिसांत तिच्या जबड्याखाली लिंबाएवढी गाठ आली. मंग ती कवठाएवढी झाली. आंग तापलं. दाना तोंडात घोळवे आन् खाली पाडे, पानी पेली तर नाकातून वापस ये. तवापावतर पाटलाचा घोडा खोकलाले लागला, त्याच्यामागं तेल्याचा. पाटील माह्या दारी येऊन उभा राहिला.

"काबे माळ्या, घोडी आनली का महामारी?"

"रडून रडून गळा सुजला तिचा, पाटील."

"आता तू रडशीन," पाटील म्हने.

अकोटचा एक म्हातारा नालबंद होता. साऱ्या घोड्याच्या पायाले नाल ठोकनारा तोच. आमी त्याले चाचा म्हनो. घोड्याच्या दुखन्यातलं त्याले जेवढं समजे तेवढं आमच्या इकडे कोनाले समजत नोतं. त्याले पाटलानं बलावून घेतलं. चाचानं घोडीची गाठ दाबून पाह्यली, नाकाचा वास घेतला आन् मंग माह्याकडे पाह्यलं.

"कौन बोला रो रही है?"

"विकनारा."

"आन् तूनं मानलं?"

"डोळे वले होते ना, चाचा."

चाचानं कपाळाले हात लावला. म्हने, "बेटा, ये छूत की बीमारी है. एकाच्या नाकातून दुसऱ्याच्या तोंडात जाते. पान्यातून जाते, दोरातून जाते, तोबऱ्यातून जाते, तुह्या या शेल्यातून जाते. जिस घोड़े ने खांसा नहीं, उसको आजच दूर बांध."

मंग त्यानं एकेक करून सांगतलं. बिमार घोडे गावाबाहीर, वाऱ्याच्या खालच्या अंगाले. त्याइचं पानी निराळ्या मडक्यात, हाळावर बिलकूल नेऊ नका. जो मानूस बिमार घोड्याचं करीन त्यानं चांगल्या घोड्याले हात लावू नये, आन् लावाचाच पडला तर पयले राखेनं हात घासून धुवावे. गाठीवर जवसाच्या पिठाचं गरम पोटीस, दिसातून तीन-चार येळा. तोबऱ्यात गरम कोंडा आन् कडूलिंबाचा पाला टाकून नाकाले वाफ. खाले पातळ लापशी आन् लुसलुशीत हिरवं. तोबरा म्हंजे घोड्याच्या तोंडाले बांधाची दान्याची थैली. माह्या घोडीचा तोबरा नवा होता, जाड्या कापडाचा, मीच हौसेनं शिवून घेतला होता.

भावकीतला एक म्हातारा म्हने, "त्यापक्षा तापल्या विळ्याचा डाग देऊन टाका गाठीवर."

चाचा भडकला. "डाग तेरे को देऊ का? गाठ पिकू दे. बोटाले नरम लागली, वरचे केस झडले, की मी चीरा देईन. कच्ची गाठ कोनी चिरू नका. पिवळं पानी बाहीर निघालं की घोडा वाचला समजा. आत गेलं, तर खुदा मालिक."

मी ते सारं केलं. खोटं नाई सांगत, जलमात पयल्यांदा कोनाचं ऐकून जसंच्या तसं काम केलं. बायको म्हने, "माह्या बाळंतपनात पेजेचं पानी देल्लं नाई या मानसानं, आन् घोडीले लापशी चारून राहिला." बाराव्या दिसाले गाठ नरम लागली. चाचाले निरोप धाडाच्या पयलेच, मी खाली वाकून पोटीस लावून राहिलो होतो आन् ती फुटली. सारा पू माह्या पागोट्यावर, मिशीवर, कानात. घोडीनं असा मोठा श्वास घेतला की मले आपलीच छाती मोकळी झाल्यासारखी वाटली. दोन दिसांत ती कडबा खाले लागली. पाटलाचं एक शिंगरू तेवढं गेलं. बाकीचे सारे घोडे महिनाभरात उठले.

चाचा शेवटचा आला तवा मले एका बाजूले घेऊन म्हने, "अब सुन. तोबरा, दोर, फडके, पोटिसाचे चिंध्या, सब जला दे. खाली पडलेलं गवतबी. एकबी चीज ठेवू नको, नवी असली तरी."

"जाळतो," मी म्हतलं.

आता इथून पुढं जे सांगतो ते मी कोनाले हसवासाठी सांगत नाई.

आमच्या गावाची रीत अशी, की गावात रोग आला तर ती मरीमायची फेरी समजाची. रोग हटला की मायचं जे सामान असंल ते टोपल्यात भराचं, वर दहीभात, लिंबू, बांगड्या, हळदकुंकू ठेवाचं, आन् वाजतगाजत शिवेपल्याड नेऊन ठेवाचं. माय गेली. मंग तिकडच्या गावानं पाहून घ्यावं. त्याइच्यावर आली तर तेबी पुढच्या शिवेवर नेऊन ठेवतात. अशी माय गावोगाव हिंडते, असं आमी म्हनो. आमच्या हातातली टोपली हिंडते, हे आमच्या कोनाच्या डोस्क्यात आलं नाई. माह्या डोस्क्यात यावं असं तर कारनच नोतं, पन मले चाचानं सांगून ठेवलं होतं.

मी आंगनात तोबरा-दोराचा ढीग करून काडी लावून राहिलो होतो, तवा मरीमायचा भगत धावत आला.

"काय करून राहिला बे? मायचं सामान जाळतं? गाव मारतं का?"

"चाचा म्हने जाळा लागते."

"चाचाले नाल ठोकू दे. माय जाळाची नसते. तिची पाठवनी कराची असते."

चाचा अकोटात होता. भगत समोर होता. मी जो समोर असंल त्याचं ऐकनारा मानूस. काडी इझवली.

टोपली डोस्क्यावर कोनी घ्यावी, तर जो घोडी घेऊन आला त्यानं. वाजंत्री नाल्याच्या अलीकडे थांबली. मी एकटा नाला वलांडून पल्याडच्या धुऱ्यावर, म्हंजे शेताच्या बांधावर गेलो आन् बोरीच्या झाडाखाली टोपली ठेवली. तोबरा रिकामा कसा ठेवाचा, मायले काय वाटंल, म्हनून भगतानं त्यात भिजले हरबरे भरून देल्ले होते. मी त्याचं तोंड मस्त उघडून ठेवलं. हात जोडले आन् फिरलो. मागं वळून पाहू नये अशी रीत. मी पाह्यलं.

पल्याडचं गाव म्हंजे माह्या मोठ्या बहिनीचं सासर. तिचा नवरा, माहा भाटवा, पायानं अधू होता. दोन वर्सामागं कापसाची भरली बैलबंडी त्याच्या पायावरून गेली होती, तवापासून तो पाय काडीसारखा वाळून गेला. त्याइचा फुलाचा मळा. लेकरूबाळ नाई. एक बुटकं भुरं तट्टू होतं त्याच्याजवळ, एक कान फाटेल. मळ्याच्या दाराजवळ एक दगड होता. भाटवा घासत घासत त्या दगडावर जाऊन बसे आन् जिभेनं टक्क करे. तट्टू आपोआप येऊन दगडाले आंग लावून उभं राहे. इतकं बुटकं, की भाटव्याले पाय उचलाचं काम नोतं, नुसतं सरकाचं. मंग फुलाच्या पाट्या दोन अंगाले बांधून तो अकोटच्या बजाराले जाय. तठी त्याले सारे वळखत. बजाराच्या दिशी तो चांगल्या पायाच्या मानसापक्षा जास्त हिंडे.

तेच तट्टू, पुढचे पाय सैल बांधेल, धुऱ्यावर चरून राहिलं होतं. मी मागं पाह्यलं तवा ते ठुमकत ठुमकत बोरीखाली गेलं, दहीभातात तोंड घातलं, आन् मंग सारं थोबाड तोबऱ्यात घालून हरबरे फोडाले लागलं.

मले हसू आलं. मायच्या टोपल्याले हात लावाची मानसाची छाती नाई, आन् या तट्ट्याले काही भेव नाई. वापस जाऊन हाकलावं असं मनात आलं. पन गेलेला मानूस वापस जात नसते म्हनतात, आन् मले गावात जाऊन ही मज्जा सांगाची घाई होती.

गावात जाऊन सांगतलं. "मायनं नैवेद घेतला. चार पायानं आली, आन् तोबरा लावूनच बसली." लोक पोट धरून हसले. भगत सोडून साऱ्या गावानं ती गोष्ट माह्याकडून दोन-दोन येळा वदवून घेतली. तट्टू कोनाचं होतं ते मात्र मी सांगतलं नाई. उगा भाटव्याले कोनी बोल लावीन म्हनून. एवढी अक्कल होती मले.

आठ-दहा दिस गेले असतील. दुपारच्याले बहीन नाला वलांडून आली. पायाले चिखल, डोस्क्यावर पदर तसाच.

"भाऊ, चाल बरं. तट्टू खाऊन नाई राहिलं. तुले आता समजते म्हनतात घोड्यातलं."

"खोकलते का?"

"खोकलते."

"नाकातून?"

"पिवळं येते," ती म्हने.

मी पायात जोडा न घालताच निघालो. रस्त्यात ती बोलत होती, मी हो हो करत होतो. नाला आला तवा मी बोरीकडे पाह्यलं नाई.

भाटवा गोठ्यात, तट्ट्याजवळच जमिनीवर बसेल होता. मले पाहून म्हने, "या वैद्यबुवा. घोडीच्या पुवानं आंघोळ केली म्हने तुमी?"

"मिशी अजून वास मारते, भाऊजी."

"मंग माह्या तट्ट्याले तुह्या मिशीचा वास देऊन पाह्य, उठते का."

बहीन हसली. मीबी हसलो. मंग मी तट्ट्याच्या गळ्याले हात लावला आन् माहं हसू तठीच सरलं. घोडीची गाठ जबड्याच्या खाली होती, बाहीर. याची गाठ वरच्या अंगाले, कानाच्या मुळाशी, आत. दोहीकडून. बाहीर टोक नाई, नरम नाई. श्वास घेतला की बारीक शिट्टीसारखा आवाज ये.

मी जे शिकलो होतो ते सारं केलं. जवसाचं पोटीस केलं. नव्या थैलीत गरम कोंडा टाकून वाफ देल्ली. पानी निराळं. लापशी बोटानं चारली, ती नाकातून बाहीर आली. चाचाले आनाले अकोटाले गेलो, तर चाचा तठी नाई. त्याचा लेक म्हने, अब्बा अमरावतीले गेले, तिकडे कापसाच्या व्यापाऱ्याइचे लय घोडे हाय, दोन महिने येत नाई. मी निरोप ठेवला. तो निरोप कोनाजवळ पोचनार होता देव जाने.

वापस आलो तवा बहीन चुलीजवळ पोटीस गरम करून राहिली होती. भाटव्यानं मले जवळ बसवलं आन् हळू आवाजात म्हने, "साल्या, तुही ती तोबऱ्याची गोष्ट आमच्याबी गावात आली."

मी तट्ट्याच्या आंगावरचं गवत झाडाले लागलो.

"कोनाचं तट्टू होतं, ते सांगतलं का तू कोनाले?"

"नाई."

"सांगू नको. मले मालूम हाय. घरी आलं तवा याच्या मिशीले दही होतं आन् नाकाले कुंकू. मी गुपचूप पुसून टाकलं. तुह्या बहिनीलेबी नाई सांगतलं." त्यानं तट्ट्याच्या फाटक्या कानाले हात लावला. "मायच्या ताटातलं खाल्लं यानं. मुकं जनावर, त्याले काय समजते? चूक माही हाय. मीच त्याले धुऱ्यावर सोडलं होतं. आता माय याले नेते का याच्यावरच राग काढून थांबते, का माह्या घरात शिरते, तेच पाहून राहिलो मी. तिले काही झालं तर?" आन् त्यानं चुलीकडे पाह्यलं.

तवा मी बोलाले पाह्यजे होतं. मायचं काही नाई भाऊजी, माह्या घोडीचा शेंबूड होता त्या तोबऱ्यात, जाळ म्हतलं होतं आन् मी जाळला नाई, इतकंच बोलाचं होतं. माह्या तोंडातून काय निघालं? मी म्हतलं, "होईन बरं." जलमभर नको तठी बडबड करनारा मी, त्या दिशी दोनच शब्द बोललो, आन् तेबी खोटे.

चौथ्या दिशी दुपारी शिट्टी मोठी झाली. तट्टू मान लांब करून, नाकपुड्या फाकवून उभं राहे, मंग गुडघ्यावर ये, परत उठे. मी हात गळ्यावर ठेवून नरम जागा शोधत होतो. नरम जागा नोतीच. इळा घेऊन चिरावं का, असंबी मनात आलं. पन कुठी चिराचं? चाचाचे शब्द कानात होते, कच्ची गाठ कोनी चिरू नका. जो शब्द पाळाचा होता तो पाळला नाई, आन् आता हा पाळत बसलो.

मंग ते आडवं झालं. भाटव्यानं त्याचं डोस्कं मांडीवर घेतलं. जिभेनं टक्क केलं. तट्ट्यानं तो फाटका कान हलवला, उठाची धडपड केली. भाटवा म्हने, "नाई बाप्पा, नाई, कुठी जाचं नाई. उगा जिभेले सवय हाय." तेवढ्यातच ते गेलं.

आमी त्याले मळ्याच्या कोपऱ्यात खोल गाडलं. त्या येळी मी सारं जाळलं. नवी थैली, दोर, फडके, गवत, बांबूची गव्हानबी. भाटव्यानं इचारलं, "इतकं काहून जाळून राहिला बे?" मंग मी सांगतलं. सारं सांगतलं. रडनाऱ्या घोडीपासून चाचाच्या शब्दापावतर. भगतापावतर. मी हसलो होतो, हेबी सांगतलं. म्हतलं, "मायनं नाई मारलं, भाऊजी. मी मारलं."

 भाटव्याच्या डोळ्यात पानी असतानाच त्याले हसू फुटलं. "अबे साल्या, आपल्या आंगावर घेऊन हसवाची तुही सवय जाईन कवा? थैलीतल्या शेंबडानं घोडं मरते का? मंग शेंबड्या पोट्ट्याइनं गावच मारून टाकलं असतं." त्यानं माही पाठ थोपटली. "तुहं मन चांगलं हाय. पन मायच्या गोष्टीत मस्करी नको करू."

मी बहिनीकडे पाह्यलं. ती हसली नाई. तिनं मले इतकंच इचारलं, "चाचानं जाळ म्हतलं होतं?"

"हो."

ती पाट्या उचलून आत गेली. त्या दिशी तिनं मले जेवाले वाढलं, पन ताट बाहीर ओसरीवर ठेवलं आन् पाठ फिरवली.

चाचा दोन महिन्यानं अमरावतीहून आला. माह्या घोडीच्या पायाले नाल ठोकता ठोकता त्यानं इचारलं, "सामान जलाया था ना?" मी नाई म्हतलं, आन् मंग पुढचं सांगतलं. मले वाटलं हातोडा माह्या डोस्क्यात घालीन. घातला असता तर बरं झालं असतं. तो घोडीचा पाय खाली ठेवून उभा राहिला. म्हने, "मुझे अपने हाथ से जलाके जाना था." मी म्हतलं, "चाचा, तुमी एकदा चाला माह्या भाटव्याजवळ, तुमी सांगा त्याले. माहं कोनी खरं मानत नाई." चाचा आला. भाटव्यानं सारं ऐकून घेतलं, चाचाले फुलं देल्ले, आन् चाचा गेल्यावर म्हने, "म्हाताऱ्यालेबी शिकवून आनलं का रे?"

मी घोडी त्यालेच देल्ली. म्हतलं, आता ती बिलकूल चांगली हाय, महिना कवाच झाला. तिले त्या दगडाजवळ उभी केली. भाटवा दगडावर बसून वर पाहत राहिला. तिची पाठ त्याच्या डोस्क्याच्या वर. मी त्याचा पाय उचलून धरला, बहिनीनं कमरेतून लोटलं, पन घोडी बाजूले सरली आन् आमी तिघंबी फुलाच्या वाफ्यात पडलो. मी मोठ्यानं हसलो, म्हतलं तेबी हसतीन. कोनी हसलं नाई. तवापासून भाटवा बजाराले गेला नाई. फुलं मीच नेत होतो. बजारातले लोक इचारत, "लंगडे माळी कुठी हाय?" मी सांगे, "घरी हाय." वापस आलो की तो एकेकाचं नाव घेऊन इचारत बसे, अमक्याची दुकान कशी हाय, तमक्याच्या बैलाचं काय झालं. मी सांगत राहो.

पन त्याच्या मनातलं मायचं भेव गेलं नाई. बहीन जराशी शिंकली तरी तो दचके. एक दिस म्हने, "मले मायच्या देवळात जाचं हाय. पाच मंगळवार माफी मांगतो तिची, म्हंजे तुह्या बहिनीवर राग धरनार नाई ती."

देऊळ आमच्या गावात, नाल्याच्या अलीकडे. कोनाची बैलाची दमनी मांगून आनली तरी ती त्या नाल्यात उतरत नाई, आन् घोडीवर त्याले बसता येत नाई. मी त्याच्या पुढं पाठ करून खाली बसलो.

"या भाऊजी. लाथा मारत नाई मी."

"बसलो असतो बे, पन तुही चाल पाह्यली हाय मी," तो म्हने, आन् सरकत माह्या पाठीवर आला. त्याचा चांगला पाय माह्या हातात होता, वाळेल पाय नुसता लोंबत होता. बहीन मागं नारळ घेऊन. नाला वलांडला. बोरीखालून गेलो. त्यानं तिकडे पाहून कपाळाले हात लावला, ते मले पाठीवरूनच समजलं.

देवळापुढं मी त्याले खाली ठेवाले वाकलो, तर म्हने, "नाई, उभा राह्य. मले माय दिसली पाह्यजे." देवळाचा चबुतरा उंच, खाली बसल्यावर शेंदूर दिसत नाई. म्हनून मी उभा राहिलो. त्यानं माह्या डोस्क्याच्या वरून हात जोडले.

"माय," तो म्हने, "मुकं जनावर होतं. त्याले समजलं नाई. चूक माही हाय. माह्या घरावर राग धरू नको. जे कराचं असंल ते मले कर."

माह्या मानेवर पानी पडलं. मी म्हतलं, "माय, चूक माही हाय."

भाटव्यानं माह्या डोस्क्यावर हळूच थापड मारली. म्हने, "तू उगा राह्य रे. मले मांगू दे."

पाच मंगळवार मी त्याले असंच नेलं. पाचही मंगळवारी त्यानं माफी मांगली, आन् मी त्याच्या खाली उभा राहून ती ऐकली.